फ्लास्कमधल्या त्वचापेशींचं म्हातारपण लांबवायचं तर

सांगलीत पेशींवर प्रयोग करायचा म्हटलं की हळद येतेच. मार्केट यार्डातले सौदे, २०१८ साली सांगलीच्या हळदीला मिळालेलं जीआय मानांकन आणि घरोघरचं हळद-दूध. मग एम.एस्सी.च्या मुलांनी ‘हळदीच्या अर्कानं त्वचेच्या पेशी तरुण राहतात का’ हा विषय नाही घेतला तरच नवल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलीनं तो घेतला होता. चौथ्या महिन्यात एका सकाळी ती जिना पळत चढून आली. “मॅडम, साध्या फ्लास्कमधल्या थांबल्या, हळदीच्या अजून वाढत्यात!” पोस्टर झालं, बक्षीस मिळालं, टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते.

नंतर तिची वही निवांत चाळली तेव्हा पोटात गोळा आला. हळदीच्या फ्लास्कमधल्या पेशी मुळात सावकाश वाढत होत्या. साध्या पेशी जितक्या दिवसांत दुप्पट व्हायच्या, त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवस यांना लागत होते. समजा, दोन बायकांच्या पर्समध्ये पैसे सारखेच. एक रोज शंभर खर्च करते, दुसरी पन्नास. दुसरीचे जास्त दिवस पुरले म्हणून ती श्रीमंत ठरत नाही. आम्ही पेशींचं वय कॅलेंडरवर मोजलं होतं, आणि ते तिथं मोजायचंच नसतं; पेशी किती वेळा दुप्पट झाल्या यावर मोजायचं असतं.

ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून आमच्याकडे आता काम ज्या क्रमानं चालतं तो इथे लिहिते. सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), कराड अशा ठिकाणी एक हूड (जंतुविरहित हवेत काम करायचं कपाट), एक इन्क्युबेटर (पेशी उबेत ठेवायची पेटी) आणि एक मायक्रोस्कोप एवढ्यावर चालणाऱ्या लॅबला झेपेल इतकंच यात आहे.

आधी पेशी बघून घ्या

म्हातारपणाचा प्रयोग म्हाताऱ्या होऊ शकणाऱ्या पेशींवरच करता येतो. हे लिहावं लागतं, कारण फ्रीझरमध्ये हाताशी असलेल्या पेशी घेऊन काम सुरू करायची आपली सवय. हाकॅट ही त्वचेची लाइन, म्हणजे लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेला पेशींचा वाण, आहे खरी, पण अमर झालेली. एल-९२९ उंदराची, तीही अमर. त्यांना काहीही पाजा, त्या वाढतच राहणार. अशा लाइनवर केलेला ‘अँटी-एजिंग’ प्रबंध परीक्षकानं एका प्रश्नात आडवा करावा.

आपल्याला हव्यात माणसाच्या त्वचेतल्या प्राथमिक, म्हणजे थेट शरीरातून घेतलेल्या, फायब्रोब्लास्ट पेशी (त्वचेच्या आतल्या थरातल्या, कोलॅजन बनवणाऱ्या). विकत मिळतात त्या नवजात किंवा प्रौढ त्वचेच्या. दुसरा मार्ग म्हणजे शस्त्रक्रियेत कापून टाकावी लागणारी त्वचा. मिरजेत दवाखान्यांची वानवा नाही, पण ओळखीच्या डॉक्टरांकडून बाटलीत तुकडा आणला असं चालत नाही. रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, तुकडा नंतर. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचाच. तुकडा आल्यावर खालची चरबी खरवडून आतल्या थराचे साधारण मिलिमीटरभराचे तुकडे करायचे, ते प्लेटला चिकटू द्यायचे आणि मग अलगद मीडियम (पेशींचं खाद्य-द्रावण) घालायचं. आठवड्या-दीड आठवड्यात कडेनं निमुळत्या पेशी बाहेर सरकायला लागतात. तोवर प्लेट हलवून हलवून बघायचा मोह आवरा, तुकडे सुटतात.

या पेशी किती वाढतील याला मर्यादा आहे, हे १९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं. त्याआधी सगळे, पेशी लॅबमध्ये कायम वाढत राहतात असं म्हणणाऱ्या अॅलेक्सिस कॅरेल या शास्त्रज्ञावर विसंबून होते. त्यानं १९१२ला लावलेलं कोंबडीच्या हृदयपेशींचं कल्चर १९४६पर्यंत चाललं असं म्हणत. बहुधा खाद्य म्हणून घातलेल्या भ्रूणाच्या अर्कातून नव्या पेशी आत जात होत्या, असा खुलासा पुढे झाला. हेफ्लिकनं पुरुषाच्या बऱ्याच वाढून झालेल्या पेशी आणि स्त्रीच्या कमी वाढलेल्या पेशी एकाच बाटलीत ठेवल्या. काही काळानं बाटलीत फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या. मीडियम एकच, हवा एकच, बाटलीही एकच. म्हणजे मोजणी पेशीच्या आतच चालू होती. साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट झाल्यावर या पेशी थांबतात. मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. यातली आतली मोजपट्टी म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांचे टेलोमिअर, ते प्रत्येक विभाजनात थोडे आखूड होतात. पण सगळा दोष टेलोमिअरचा नाही, आणि आपल्या हाताला लागण्यासारखं जे आहे ते त्या उरलेल्या भागात आहे.

डब्लिंग मोजण्याची वही

डब्लिंग म्हणजे पेशींची संख्या एकदा दुप्पट होणं; पॅसेज म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी काढून नव्या फ्लास्कमध्ये लावणं. पॅसेज नंबर म्हणजे वय नव्हे. एका फ्लास्कचे दोन केले की एक डब्लिंग, चार केले की दोन, आठ केले की तीन. ‘पॅसेज ९’ एवढंच लिहिलेली वायल (पेशी गोठवायची छोटी कुपी) मला कुणी दिली तर मी ती परत करते.

पद्धत सोपी आहे. टी-२५ फ्लास्कमध्ये (तळ २५ चौरस सेंटिमीटर) १,००,००० पेशी टाकल्या, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४,०००. काढताना ८,००,००० मिळाल्या. आठपट, म्हणजे तीन डब्लिंग. सहापट असतील तर २.५८. गणित असं: शेवटच्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉग उणे सुरुवातीच्या संख्येचा लॉग, गुणिले ३.३२. आलेला आकडा आधीच्या बेरजेत मिळवायचा. वहीत एका ओळीत तारीख, टाकलेल्या पेशी, काढलेल्या पेशी, या वेळचे डब्लिंग, एकूण डब्लिंग आणि कुणी मोजलं त्याची सही. सही यासाठी की न्यूबावर चेंबरवर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) दोघांचे आकडे कधी जुळत नाहीत; संपूर्ण प्रयोगात एकाच व्यक्तीनं मोजावं. ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) समसमान मिसळून चार कोपऱ्यांच्या चौकोनांत मिळून १६० जिवंत पेशी दिसल्या तर सरासरी ४०, गुणिले २, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलिटरला ८,००,०००. चौकोनात दहा-बाराच पेशी दिसत असतील तर मोजू नका; पेशी खाली बसवून थोड्या मीडियममध्ये घ्या आणि पुन्हा भरा.

पेशी ‘थांबल्या’ कधी म्हणायचं हे प्रयोगाआधीच ठरवून लिहून ठेवा. आम्ही म्हणतो, नियमित मीडियम बदलूनही तीन आठवड्यांत एकदाही दुप्पट झाल्या नाहीत तर थांबल्या. निकाल दिसल्यावर नियम ठरवला की तो नेहमी आपल्याला सोयीचा निघतो.

छळ थांबवा, मग औषधाचं बघू

फ्लास्कमधल्या पेशी अकाली म्हाताऱ्या होतात त्यातला मोठा वाटा आपल्याच हातचा असतो. उदाहरणार्थ ट्रिप्सिन, म्हणजे पेशी फ्लास्कपासून सुटाव्यात म्हणून घालतात ते एन्झाइम. पीबीएसनं (मिठाच्या बफर द्रावणानं) दोनदा धुवा, कारण मीडियममधलं उरलेलं सीरम (रक्तातला द्रव भाग) ट्रिप्सिनला चालू देत नाही आणि मग आपण वेळ वाढवत बसतो. टी-२५ला ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए १ मिलिलिटर, ३७ अंशाला दोन ते तीन मिनिटं. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल झालेल्या दिसल्या की फ्लास्कच्या कडेला तळहातानं एक टपली मारा आणि लगेच सीरमचं मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवा. या वेळात चहाला जायचं नाही. आमच्याकडे ‘दोन मिनिटांत आले’ म्हणून गेलेली माणसं वीस मिनिटांनी परतलेली आहेत.

फ्लास्क ८० टक्के भरला की पेशी काढा. गच्च भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी डब्लिंग खर्च करत नाहीत हे खरं, पण फार दिवस राहिल्या तर दुधावरच्या सायीसारखा सगळा थर एकसंध सुटतो, मग मोजणार काय? गौरी-गणपती, दिवाळी कधी आहे ते बघूनच पेशी पेरायची तारीख ठरवा.

मीडियम अंधारात ठेवा. त्यातल्या रायबोफ्लेविनवर ट्यूबलाइटचा उजेड पडत राहिला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि आपण तेच पेशींना पाजतो. फ्रीजच्या दारात बाटली ठेवू नका, हूडमध्ये उघडी ठेवून गप्पा मारू नका, बाटलीला फॉइल गुंडाळा. सीरमची लॉट बदलली की वाढ बदलते, म्हणून संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढं एकाच लॉटचं सीरम आधीच घेऊन ठेवा. सीरममध्ये सेलेनियम कमी-जास्त असतं; सोडियम सेलेनाइट ३० नॅनोमोलर घालून ही एक वाट बंद करता येते. जास्त घातलं तर ते विष आहे, त्यामुळे पातळ करण्याचं गणित दोघांनी वेगवेगळं करून ताडून बघा.

आमच्याकडचा उन्हाळा हा वेगळाच विषय. इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी वीज गेली, एसी बंद पडला आणि खोली ३८वर गेली की इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर असूनही आतलं तापमान चढतं. इन्व्हर्टरवर एसी बसत नसेल तर निदान इन्क्युबेटर इमारतीच्या उत्तरेकडच्या खोलीत न्या. इन्क्युबेटरला जोडलेल्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरच्या काट्यावरही विश्वास ठेवू नका. आत द्रव आहे तोवर काटा हलतच नाही, आणि हलला की संपलंच समजा. घरातल्या गॅससारखंच आहे: वजन करा किंवा भरलेली टाकी जोडीला ठेवा.

फ्रीझ लवकर करा

म्हातारपण लांबवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डब्लिंग उधळू नका. पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच पंधरा-वीस वायल गोठवा आणि प्रत्येक प्रयोग त्यातल्या एकापासून सुरू करा. मिलिलिटरला पाच ते दहा लाख पेशी, ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारं द्रव). मिनिटाला एक अंश या गतीनं उणे ८०पर्यंत न्यायचं, दुसऱ्या दिवशी लिक्विड नायट्रोजनमध्ये. पेशी मोजणी विसरत नाहीत: विसाव्या डब्लिंगला गोठवली तर दहा वर्षांनीही ती विसाव्यापासूनच पुढे जाते. गोठवताना सावकाश, उठवताना भराभर. ३७ अंशाच्या पाण्यात वायल फिरवत राहा आणि मुगाएवढा बर्फ शिल्लक असतानाच बाहेर काढा.

नायट्रोजन आणायचा कुठून, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पुस्तकात नसतो. इथे त्याचं उत्तर गोठ्यात आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी सिमेनच्या कांड्या लिक्विड नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळे आमच्या भागात जार भरून देणारी गाडी फिरतेच. आम्हीही तिचेच गिऱ्हाईक. पातळी कशी बघायची हेही मला एका पशुवैद्यकानंच शिकवलं: काळी लांब पट्टी तळापर्यंत घालून दहा सेकंद धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची, पांढरं दंव जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत नायट्रोजन. दर सोमवारी तो आकडा जारवरच्या कागदावर लिहा. खिडकी उघडी, हातमोजे, तोंडावर शील्ड.

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, रस्ते बंद झाले आणि गाडी येईना. इन्क्युबेटरमधलं सगळं गेलं. जार आदल्याच आठवड्यात काठोकाठ भरला होता म्हणून पेशींची पेढी वाचली. तेव्हापासून जून उजाडला की निम्म्या वायल दुसऱ्या गावातल्या एका मैत्रिणीच्या लॅबमध्ये जातात.

ऑक्सिजन कमी करा

माझ्या मते एकच उपाय करायचा असेल तर हा करा. आपल्या त्वचेच्या आतल्या थरात पेशींना ऑक्सिजन मिळतो तो ढोबळ मानानं ३ ते ८ टक्के. इन्क्युबेटरमध्ये आपण त्यांना १८-१९ टक्क्यांत ठेवतो आणि मग विचारतो, इतक्या लवकर का थकल्या? पॅकर आणि फ्यूअर यांनी १९७७ सालीच दाखवलं की माणसाच्या फायब्रोब्लास्ट कमी ऑक्सिजनमध्ये जास्त वेळा दुप्पट होतात. ‘जास्त दिवस’ नव्हे, ‘जास्त वेळा’ हे लक्षात घ्या.

ट्रायगॅस इन्क्युबेटर (ज्यात ऑक्सिजनही कमी करता येतो) असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर हवाबंद मोड्युलर चेंबर घ्या. ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के सीओटू, बाकी नायट्रोजन असा तयार मिश्रणाचा सिलिंडर मागवा, चेंबरमध्ये ओल्या गॉजची बशी ठेवा, उत्पादकानं सांगितलेल्या प्रवाहानं आणि वेळेनं गॅस सोडा, क्लिप लावा, चेंबर साध्या इन्क्युबेटरमध्ये सरकवा. तासाभरानं पुन्हा एकदा गॅस सोडा, कारण प्लास्टिक आणि मीडियममध्ये विरघळलेला ऑक्सिजन सावकाश बाहेर येतो. मीडियमही आदल्या रात्री सैल झाकणानं त्याच चेंबरमध्ये ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी मीडियम बदलताना पेशींना हवेचा झटका बसतो. रोज उघडून बघायचं नाही. मोजायच्या दिवशीच उघडा. कमी ऑक्सिजनचा फायदा हवा तर पहिल्या पॅसेजपासून तसंच ठेवा, पेशी थकल्यावर आत घालून उपयोग नाही. कुणी मेणबत्तीचा जार (बंद बरणीत पेशींसोबत मेणबत्ती पेटवून ठेवायची युक्ती) सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. मेणबत्ती विझते तेव्हाही आत १७ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतोच.

आता औषधं, आणि हळद

रॅपामायसिनची गोष्ट मला सांगायला आवडते. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ते मिळालं, आणि ते शोधून टिकवण्यामागे सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. पेशी जेव्हा विभागणं थांबवते पण फुगत राहते, तेव्हा ती पक्की म्हातारी होते. रॅपामायसिन त्या फुगण्यालाच आवर घालतं. डीएमएसओमध्ये १ मिलिमोलरचा साठा करा, लहान भागांत उणे २०ला ठेवा, मीडियममध्ये १ ते १० नॅनोमोलर जाईल असं पातळ करा, दर दोन-तीन दिवसांनी मीडियमबरोबर नवं घाला. डीएमएसओ शेवटी ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेले फ्लास्क शेजारी चालवा. प्रत्येक गटाचे किमान तीन फ्लास्क. रॅपामायसिन वाढ मंद करतं, म्हणजे आमच्या हळदीचाच सापळा इथेही आहे. निष्कर्ष डब्लिंगवरच काढा. आणि हे क्रीममध्ये मिसळून कुणाच्या गालाला लावण्यासाठी नाही, ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे.

हळदीवर काम करायचंच असेल तर डोळे उघडे ठेवून करा. सीरम नसलेल्या, पीएच ७.२च्या द्रावणात ३७ अंशाला कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं. सीरम असेल तर बरंच जास्त टिकतं, तरी चौथ्या दिवशी फ्लास्कमध्ये आहे ते कर्क्युमिन नव्हे, त्याचे अवशेष. ते स्वतः हिरवं चमकतं, त्यामुळे हिरव्या चॅनेलमधले फोटो फसवतात. म्हाताऱ्या पेशींत साचलेलं लिपोफ्युसिन हे रंगद्रव्यही चमकतं, म्हणजे गोंधळात गोंधळ. आवळा, ग्रीन टी, व्हिटॅमिन सी हे मीडियममध्ये घातल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू शकतात, आणि वनस्पतींचे बरेच अर्क एमटीटीला (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या पिवळ्या रसायनाला) पेशींशिवायच जांभळं करतात. म्हणून ‘अर्क आहे, पेशी नाहीत’ असा एक वेल (प्लेटमधला खळगा) प्लेटमध्ये हवाच. व्हिटॅमिन सी द्यायचं तर फॉस्फेट जोडलेलं टिकाऊ रूप वापरा. हळदीची मात्रा वाढवली की काही पेशी उलट लवकर थांबतात, हेही नोंदलेलं आहे.

म्हातारी पेशी ओळखायची कशी

डोळ्यांनी आधी. तरुण फायब्रोब्लास्ट ओढ्यातल्या माशांच्या थव्यासारख्या एका दिशेनं, निमुळत्या. म्हातारी पेशी तव्यावर ओतलेल्या धिरड्यासारखी पसरते, कडा वेड्यावाकड्या, आत दाणे. फोटो काढून ठेवा, पण तो पुरावा नव्हे.

पुराव्यासाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचं निळं स्टेनिंग, १९९५ साली आलेली पद्धत. २ टक्के फॉर्माल्डिहाइड आणि ०.२ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये तीन ते पाच मिनिटं पेशी फिक्स करा, जास्त नको, एन्झाइम मरतं. मग एक्स-गॅलचं (हे एन्झाइम ज्यापासून निळा रंग बनवतं त्या रसायनाचं) द्रावण, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, पीएच बरोबर ६.०. हा पीएच हा या कामाचा जीव आहे. ४ला सगळ्याच पेशी निळ्या होतात. पीएच कागदावर नाही, मीटरवर बघा, आणि मीटर त्या सकाळी कॅलिब्रेट केलेला हवा. प्लेट ३७ अंशाला बारा ते सोळा तास, पण सीओटूच्या इन्क्युबेटरमध्ये नाही. सीओटू पीएच खाली ओढतो आणि सकाळी सगळा वेल आकाशी मिळतो. आमच्या दोन बॅचनी ही सकाळ बघितलेली आहे. साधा बॅक्टेरियाचा इन्क्युबेटर वापरा, प्लेटला पॅराफिल्म लावा. गच्च भरलेल्या पेशीही खोटं निळं दाखवतात, म्हणून आधी विरळ पेरा. प्रत्येक फ्लास्कच्या किमान २०० पेशी मोजा, आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. फोटोंना नुसते आकडे द्या. एवढ्यावर थांबू नका: पी-१६, पी-२१ या विभाजन थांबवणाऱ्या प्रथिनांची पातळी किंवा ईडीयू या रसायनानं विभाजनाची मोजणी, यांतलं एक तरी जोडीला घ्या.

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूसाठी पीसीआर तपासणी दर महिन्याला. तो पेनिसिलिनला दाद देत नाही, नेहमीच्या फिल्टरमधून पार होतो, मीडियम गढूळ करत नाही, आणि त्याची लागण झालेल्या पेशी हुबेहूब थकल्यासारख्या वागतात.

टेलोमरेज (टेलोमिअर पुन्हा लांब करणारं एन्झाइम) घालून पेशींना मर्यादेपलीकडे नेता येतं हे १९९८ला दाखवलं गेलं. २०२२मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटनं यामानाका घटक (पेशीला पुन्हा मूळपेशीसारखं करणारी जनुकं) तेरा दिवसच चालू ठेवून त्वचेच्या फायब्रोब्लास्टचं मोजलेलं वय सुमारे ३० वर्षांनी मागे नेलं. त्यासाठी विषाणूंद्वारे जनुकं घालावी लागतात, जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. एम.एस्सी.च्या सहा महिन्यांत हात घालू नये.

मागच्या उन्हाळ्यात पुढच्या बॅचच्या एका मुलानं तो हळदीचा प्रयोग पुन्हा केला. या वेळी तीन गट: नुसतं डीएमएसओ, हळदीचा अर्क, आणि ५ टक्के ऑक्सिजन. ग्राफपेपरच्या आडव्या अक्षावर दिवस न घेता एकूण डब्लिंग घेतले आणि उभ्या अक्षावर निळ्या पेशींचा टक्का. हळदीची आणि डीएमएसओची रेघ एकमेकींवर चढली, पेन्सिलचा रंग वेगळा नसता तर ओळखू आली नसती. कमी ऑक्सिजनची रेघ मात्र उशिरा वर चढली. बक्षीस मिळालेलं पोस्टर विभागाच्या भिंतीवर अजून आहे. त्याच्या खाली मी तो ग्राफपेपर चिकटवलाय.